टेबलापाशी बसलेलं माणूस

"हा माझा धाकटा भाऊ," खुर्चीतले आजोबा माझ्याकडे बोट दाखवून सिस्टरला म्हणाले.

"हो का? चेहरा मिळतो बरं का," सिस्टर म्हणाली.

"मिळणारच. पण हा पहिल्यापासून आळशी."

मी त्यांना पंधरा मिनिटांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं होतं. रोपांच्या स्टॉलमागे एकटेच उभे होते, एका बुटाची नाडी सुटलेली. कुठे राहता विचारलं, तर "हे काय, इथेच" म्हणाले. मी त्यांना हाताला धरून आमच्या टेबलापाशी आणलं.

शाळेच्या मैदानावर दर वर्षी रोपांचं आणि जुन्या पुस्तकांचं प्रदर्शन भरतं. सगळी कामं आम्ही हौशी माणसंच करतो. फाटकाजवळचं हे टेबल माझ्या बायकोनं सुरू केलं. चुकलेली मुलं, वाट विसरलेली म्हातारी माणसं इथे आणून बसवायची आणि त्यांच्या माणसांच्या हाती सोपवायची. अकरा वर्षं तिनं ते सांभाळलं. ती गेल्यावर आता टेबलावर कोण, असा प्रश्न निघाला, तेव्हा मी बसतो म्हणालो. मी लिफ्टचा मेकॅनिक. आयुष्यभर माणसांची वर-खाली ने-आण केली, पण त्यांच्याशी बोलायचं काम कधी पडलं नाही. बोलायचं काम घरात हिच्याकडे होतं. जवळच्या दवाखान्यातली ही सिस्टर तिच्या जोडीला बसायची, आता माझ्या जोडीला बसते.

बायकोचे नियम थोडेच होते. टेबलावर कायम दोघं हवेत. माइकवर नाव सांगायचं नाही, नाव ऐकून कुणीही येऊन हाक मारू शकतो. आणि प्रश्न न्यायला आलेल्याला विचारायचे, बसलेल्याला नाही. "पोर घाबरून हो म्हणतं आणि म्हातारं माणूस भिडेनं," ती म्हणायची.

मी पहिल्याच दिवशी हा शेवटचा नियम मोडला.

चष्मेवाला एक गृहस्थ आला. "अरे, हे तर आमच्या गल्लीतले. मी सोडतो ना घरी."

मला हायसं वाटलं. मी आजोबांना विचारलं, "ओळखता का यांना?"

"न ओळखायला काय झालं? धाकटा भाऊ माझा," ते म्हणाले आणि उठलेच.

सिस्टरनं टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला. तेव्हा कुठे मी त्या गृहस्थाला आजोबांचं नाव विचारलं, घरचा नंबर विचारला.

"चांगलं करायला जावं तर ही चौकशी," असं म्हणून तो गर्दीत निघून गेला. तो चांगला होता की वाईट, मला माहीत नाही. ते आपण ठरवायचंच नसतं, असंही ही म्हणायची. पण मी आजोबांना जवळजवळ त्याच्या हाती देऊन टाकलं होतं.

मग आम्ही दोघांनी आजोबांना विचारून त्यांचे खिसे पाहिले. ओळखपत्र नव्हतं. उजवीकडे रुमाल, डावीकडे तीन स्क्रू. सगळं परत जागेवर ठेवलं. माइकवर एवढंच सांगितलं की ज्यांच्या बरोबरचं माणूस दिसत नाही, त्यांनी फाटकाजवळच्या टेबलापाशी यावं.

थोड्या वेळानं एक बाई धापा टाकत आल्या. पिशवीतलं रोप वाकडं झालेलं. "अहो, इथे होय तुम्ही. पैसे देईपर्यंत गायब?"

आजोबांनी त्यांच्याकडे अदबीनं पाहिलं. "या बाई कोण?" त्यांनी मला विचारलं.

बाईंचा चेहरा उतरला. कुणीही पाहून सांगितलं असतं की ही बायको आहे. द्यावं सोडून, असं मलाही वाटलं. पण कुणीही पाहून तो चष्मेवालाही शेजारी आहे असंच म्हटलं असतं.

"बाई, राग मानू नका. यांच्या खिशात काय आहे, सांगाल का?"

"चाळीस वर्षं संसार केला मी यांच्याबरोबर. मी ओळखत नाही का यांना?"

"तुम्ही ओळखता हो. आम्ही ओळखत नाही."

त्या हळू आवाजात म्हणाल्या, "डाव्या खिशात स्क्रू असतील. रस्त्यात दिसला की उचलतात. मी रात्री काढून ठेवते, सकाळी परत तेच."

बाईंकडून नाव-पत्ता आणि नंबर घेऊन सिस्टरनं त्यांच्या घरी फोन लावला. सुनेनं उचलला, नाव-पत्ता जुळला. मी सहीसाठी वही पुढे केली. बाईंनी माझ्याकडे न पाहता सही केली. चोरासारखं उभं केलं, असं त्यांना वाटलं असणार. मला ते ठाऊक होतं.

"दोन वर्षांपूर्वी मी तुमच्या जागी उभा होतो," मी म्हणालो. "खुर्चीत माझी बायको होती. तिला विसरायला होत होतं, तरी टेबलावर यायची. संध्याकाळी न्यायला आलो, तर या सिस्टरनं मला विचारलं, काकू चहात साखर किती घेतात? फार राग आला मला. दीड चमचा, म्हणालो, पण लोकांना एक सांगते. तेव्हा सिस्टरनं चिठ्ठी उघडून दाखवली. प्रश्न हिनंच लिहून ठेवला होता, सगळं आठवत होतं तेव्हा. उत्तरही तेच."

"मग आल्या का तुमच्याबरोबर?"

"आली. ओळखलं नाही. पण माणूस भला दिसतोय, असं सिस्टरला म्हणाली."

बाईंनी पदरानं तोंड पुसलं. मी त्यांना एक कोरा कागद दिला. "तुमचा प्रश्न आणि त्याचं उत्तर लिहून यांच्या खिशात ठेवा. नंबरही लिहा."

त्यांनी आमच्याकडे पाठ करून बराच वेळ लिहिलं. मी खाली वाकून आजोबांच्या बुटाची नाडी बांधली. त्यांनी खिशातला एक स्क्रू काढून माझ्या हातात दिला.

"ठेव. लागतो कधी तरी."

मग ते बाईंना म्हणाले, "चला, तुम्हाला कुठे सोडायचं?"

"घरी सोडा," बाई म्हणाल्या आणि त्यांनी आजोबांचा हात धरला.

ते फाटकातून दिसेनासे होईपर्यंत मी उभाच होतो. मग खुर्ची पुन्हा फाटकाकडे तोंड करून ठेवली, ही ठेवायची तशी. बसणाऱ्याला आपलं माणूस येताना दिसायला हवं.

सिस्टरनं थर्मासमधून चहा ओतला. "काका, साखर किती?"

"एक," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. एक चमचा घातला, मग अर्धा घातला आणि ढवळून कप माझ्यापुढे ठेवला.