अप्पारावनं पाहिलेला पट

“दाजी, घट्ट धरा. मुंगशा हातातून निघून राह्यलाय,” बद्रीनाथ छकडीवरून म्हणाला.

अप्पारावच्या एका मुठीत मुंगशाची वेसण होती, दुसऱ्या मुठीत पाखऱ्याची, आणि स्वतः तो बैलांकडं तोंड करून, दोन मानांच्या मधोमध जुवाला छाती लावून उभा होता. सत्त्याऐंशी सालच्या हसनाबादच्या शंकरपटातली, म्हणजे बैलांच्या शर्यतीतली, ही शेवटची फेरी. शेजारच्या पट्टीवर राजूरकडची पांढरी जोडी होती. तिला चार गडी लोंबकळून धरत होते. इकडं अप्पाराव एकटा पुरे.

पटातली जोडी सुटायच्या आधी धरावी तर अप्पारावनंच. मुंगशा तर असा, की शेपटीवर माशी बसली तरी जाफराबादच्या वेशीत जाऊन थांबायचा. पण अप्पाराव त्याच्या कानाशी पुटपुटला की गार. लोक म्हणत, मंत्र आहे. मंत्र कसला, अप्पाराव त्याला घरचं सांगायचा. मिरच्या महागल्या, पत्रा गळतोय, मेव्हणीचं नाक फार वर गेलंय. बैल ऐकता ऐकता पळायचं विसरायचा.

एकच दुःख होतं. झेंडी पडली की वेसणी सोडून बाजूला उडी टाकायची, आणि मग उरायची ती धूळ. ती धूळ अशी, की दिवसाढवळ्या गावातल्या कोंबड्या खुराड्यात जाऊन बसायच्या. मिसरूड फुटल्यापासून जोड्या धरत आलेल्या अप्पारावनं एकही जोडी शेवटची रेघ ओलांडताना पाहिली नव्हती.

हे घरी कोण कबूल करणार? बायको चतुराबाई चुलीपुढं विचारायची, “काय झालं वो पटात?” आणि अप्पाराव सांगायचा. बैलांच्या खुरांतून ठिणग्या उडायच्या, छकडी हाकणाऱ्या धुरकऱ्याचं पागोटं मागं राहून वाऱ्यावर तरंगायचं. चतुराबाईची भाकरी करपायची, पण ती उलटायची नाही.

गेल्या वर्षी मात्र तिनं विचारलं, “आमच्या बद्रीची जोडी?”

“पहिली,” अप्पाराव म्हणाला. “हत्ती गेल्यावानी गेली.”

बद्रीनाथ तिचा धाकटा भाऊ, वाटूरचा. चतुराबाईनं गल्लीभर गूळ वाटला. दिवेलागणीला बद्रीनाथ दारात आला तो हात गळ्यात बांधून. अर्ध्या पट्टीतच चाक निखळून छकडी उलटली होती. शेजारच्या सोनूबाईनं तोंडातला गूळ बाहेर काढला नाही एवढंच, बाकी सगळं बोलून घेतलं.

तेव्हापासून चतुराबाई त्याचं काहीच खरं मानेना. ऊन पडलंय म्हटलं तरी बाहेर जाऊन बघून यायची. आणि आज सकाळी भाकरी बांधून देताना तिनं सांगितलं होतं, “आज सोताच्या डोळ्यानं बघून या. न्हाईतर पटाचा एक शबूद माझ्यापुढं काढायचा न्हाई. कधीच.”

अप्पारावला उपास चालला असता. पण जे सांगायचं ते ऐकायला चतुरा नाही, तर मग पटाला जायचं तरी कशाला? रेघेपाशी जाऊन उभं राहावं, तर इकडं मेव्हण्याची जोडी धरणार कोण? सकाळपासून तो याच घोरात होता. आज मुंगशालाही त्यानं हेच सांगितलं.

झेंडी पडली. अप्पारावनं वेसणी सोडल्या, पण उडी मारली नाही. जुवावरून दोन्ही काखा टाकल्या, पाय उचलून मागच्या छकडीच्या दांडीला विळखा घातला आणि निघाला.

निघाल्यावर त्याच्या ध्यानात आलं, की आपण पाठमोरे चाललोय.

समोर छकडीवर उभा बद्रीनाथ, आ वासलेला. दोन्ही कुशींना दोन बैल, भात्यासारखे. माती, लोक, झाडं सगळं त्याच्यापासून लांब पळत होतं. वाऱ्यानं सदरा डोक्यावर आला. तो त्यानं दातांनी खाली ओढला. मान वळवली तर पांढरी जोडी शेजारी, हात लावावा इतकी जवळ. तिचं नाक मुंगशाच्या शेपटीशी होतं, ते पोटाशी आलं, खांद्याशी आलं, कानाशी आलं. आणि त्याच वेळी चुन्याची रेघ अप्पारावच्या पाठीखालून निघून पायांकडं सरकत गेली.

पंच रामकिसन धावत आले. “छकडीवर एकच माणूस असतो.”

“एकच व्हता,” बद्रीनाथ म्हणाला. “दुसरा जुवावर व्हता.”

लोक हसून लोळले, पण पंच हसले नाहीत. जोडी बाद. पितळी हंडा राजूरला गेला, आणि अप्पारावनं पुन्हा कुणाची जोडी धरायची नाही, असंही ठरलं.

बद्रीनाथनं बैलांना पाणी दाखवलं. मग म्हणाला, “दाजी, बिलकुल कळंना. कशापायी केलं?”

“चतुरीला सांगायचं व्हतं. डोळ्यानं बघून.”

बद्रीनाथ बहिणीला ओळखून होता. “मंग जल्दी जा. दुसऱ्या कुणी सांगायच्या आत.”

घरी येऊन अप्पारावनं सगळं सांगितलं. जन्मात पहिल्यांदा तिखटमीठ न लावता, आणि नेमकं तेच कुणी ऐकलं असतं तर त्याला वेड्यात काढलं असतं.

“जुवाला लटकून गेलात,” चतुराबाई म्हणाली.

“व्हय.”

“पाठमोरं.”

“व्हय.”

“आन् माझ्या भावाची जोडी बाद करून आलात.”

“व्हय.”

ती उठली. त्याचा सदरा वर करून तिनं दोन्ही कुशींवरचे वळ पाहिले. तेलाची वाटी निखाऱ्यावर ठेवली, आणि बोट तेलात बुडवत हळूच म्हणाली, “मंग? पांढऱ्याचं नाक बराबर कुठं व्हतं म्हणलात?”

पुढच्या पटाला ती स्वतःच तयार होऊन बसली. “चला, आता तर तुमचे हात मोकळे हायेत.” दोघं रेघेपाशी घोंगडी टाकून बसले, अगदी चुन्याला पाय लागतील इतक्या जवळ. पार टोकाला मुंगशा-पाखऱ्याची जोडी मुठीएवढी दिसत होती, आणि त्यांच्यापुढं कुणीतरी दुसराच गडी.

“लई ताणून धरलीय वेसण,” अप्पाराव म्हणाला. “बोलंना बी मुंगशासंगं.” त्याचे स्वतःचे हात गुडघ्यांवर होते, मुठी वळलेल्या.

झेंडी पडली. अप्पारावच्या मुठी आपोआप उघडल्या आणि तो किंचित बाजूला झाला. धूळ उठली. त्याची नजर तिकडंच होती, बैलांनी जिथली जमीन सोडली होती तिथं. जोड्या समोरून धडधडत गेल्या, लोक उभे राहिले, चतुराबाईही उभी राहिली.

“कोण आलं?” त्यानं विचारलं.

चतुराबाईनं त्याच्या उघड्या तळव्यांकडं पाहिलं. मग त्याच्याकडं तोंड करून घोंगडीवर नीट मांडी घातली, पदर सावरला आणि जोडी सुटल्यापासून सांगायला लागली.