झुचाचं नाक

सप्टेंबरात झुचाच्या डाव्या नाकपुडीतून रक्त यायला लागलं, तेव्हा दोब्रिलाच्या मनात पहिल्यांदा एवढंच आलं, की आता फरशी पुन्हा पुसावी लागणार.

झुचा म्हणजे पिवळट रंगाचा, कान पडलेला, ना धड मोठा ना लहान असा एक कुत्रा. दोब्रिलाच्या नवऱ्याला, वितोमिरला, तो टायरच्या कारखान्याच्या फाटकापाशी सापडला होता, आणि त्यानं तो कोटात घालून घरी आणला होता. वितोमिरला जाऊन आता तीन वर्षं होत आली होती. पिरोत गावातल्या त्या घरात साठीची दोब्रिला, त्र्याऐंशीची तिची सासू रोसांदा आणि हा कुत्रा एवढेच उरले होते. दोघी काळ्या कपड्यांत वावरायच्या आणि दिवसभर एकमेकींशी काही ना काही कुरकुरत राहायच्या. कुत्रा मधे पडून ऐकायचा.

त्या दिवशी अंगणात मोठ्या लाल ढोबळ्या मिरच्या भाजणं चाललं होतं. दोब्रिला भाजत होती आणि रोसांदा खुर्चीत बसून साली काढत होती. झुचा लागोपाठ चार-पाच वेळा शिंकला.

"अगं, भिंतीवर मिरचीचे शिंतोडे कुणी उडवले?" रोसांदानं विचारलं.

"मिरची नाही, आई. रक्त आहे."

"मग तर पुसायलाच हवं," म्हातारी म्हणाली आणि पुढची मिरची सोलायला लागली.

गावातले जनावरांचे डॉक्टर त्रिफुन हे तसे गाईगुरांचे. त्यांनी टॉर्च लावून नाकात बघितलं आणि गवताचं कुसळ गेलं असेल म्हणून गोळ्या दिल्या. गोळ्या संपल्या, पण रक्त थांबलं नाही. मग एका सकाळी झुचाचं डोकं कुरवाळताना दोब्रिलाच्या अंगठ्याला डोळ्यांच्या मधे, नाकाच्या हाडावर, एक उंचवटा लागला. तिनं हात तिथंच ठेवला. काही वर्षांपूर्वी वितोमिरच्या मानेला असाच हात लागला होता. "दाढी करताना बघ रे, काय आहे ते," एवढंच ती तेव्हा म्हणाली होती.

त्रिफुननी तो उंचवटा दाबून बघितला. कुत्रा कळवळला.

"मला गाठीचा संशय येतोय," ते म्हणाले. "नाकातली गाठ चांगली नसते. मोठ्या शहरात, नीशला ने, तिथं यंत्रं आहेत. नाहीतर... हे बघ, नऊ वर्षांचा झालाय तो. तू म्हणशील तेव्हा मी इथंच त्याला कायमचं झोपवीन. त्रास होणार नाही."

"बघते," दोब्रिला म्हणाली.

नीश. ते नाव घेतलं की तिच्यापुढं तो रस्ताच उभा राहायचा. दीड वर्ष ती वितोमिरला उपचारांसाठी घेऊन त्या रस्त्यानं गेली होती. बेला पालांकाला बस थांबली की त्याच्यासाठी गरम बानित्सा, चीज भरलेली खुसखुशीत पोळी, घ्यायची, तो एक घास खायचा आणि उरलेली ती खायची, कारण टाकवत नसे. मग सिचेवोची घळ यायची, दोन्ही बाजूंनी कडे आणि खाली नदी. येताना त्याच घळीत तो पिशवीत ओकायचा, आणि ती खिडकीबाहेर बघत त्याची पाठ चोळायची. त्याला पुरलं त्या दिवशी तिनं मनाशी ठरवलं होतं, की यापुढे घळीपलीकडे पाऊल टाकायचं नाही.

घरी आल्यावर तिनं सासूला सगळं सांगितलं.

"झोपव म्हणावं त्याला," रोसांदा म्हणाली. "कुत्र्याचं कुत्र्यासारखं होऊ दे. नीशला जाऊन कुणाचं भलं झालंय?"

दोब्रिलाला ते पटलं नाही असं नव्हे. पण "झोपवा" म्हणायलाही जोर लागतो, दवाखान्यात जाऊन ते तोंडानं म्हणावं लागतं, आणि तेवढा जोर तिच्यात उरला नव्हता. नीशला जाणं तरी तिला पाठ होतं. ती शेजारच्या चास्लावकडे गेली. चास्लाव हा वितोमिरचा कारखान्यातला जोडीदार. त्याची लाल गाडी चढाला धापा टाकायची, पण पोचवायची.

"वहिनी, बसमध्ये तुम्हाला घेतील, पण त्याला नाही घेणार," चास्लाव म्हणाला. "गुरुवारी निघू. मागच्या सीटवर चादर टाका. गाडीत रक्त दिसलं तर पोलीस मला आत टाकतील."

नीशमधल्या दवाखान्यात नेवेना नावाची डॉक्टरीण होती. पस्तिशीची असेल. हातांवर मांजरांच्या ओरखड्यांची जाळी होती आणि डोळ्यांखाली काळं. आपल्यासारखी तिलाही झोप मिळत नसावी, असं दोब्रिलाला वाटलं, आणि का कोण जाणे, ती तिला आवडली. डॉक्टरणीनं झुचाला गुंगीचं औषध देऊन एक्स-रे काढला, नाकातून चिमूटभर मांस काढलं, काचेच्या पट्टीवर फासलं आणि स्वतःच आत जाऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं. बाहेर आली ती जरा वेगळ्याच चेहऱ्यानं.

"हा मोकळा फिरतो का हो?"

"फाटक उघडं राहिलं की बाजाराकडे पळतो."

"तिकडे भटक्या कुत्र्या आहेत?"

"पिरोतमध्ये भटक्या कुत्र्या कुठं नाहीत?"

नेवेना तिच्याजवळ बाकावर बसली. "ही गाठच आहे. पण हिचा प्रकार वेगळा आहे. ही त्याच्या शरीरात तयार झालेली नाही, दुसऱ्या कुत्र्याकडून आली आहे. कुत्रे जोडी लावतात किंवा हुंगतात, चाटतात, तेव्हा एकाच्या गाठीतल्या पेशी दुसऱ्याला चिकटतात आणि तिथंच रुजतात. कलम लावल्यासारख्या. यानं कुणा आजारी कुत्रीला हुंगलं असणार. माणसाला लागत नाही, घाबरू नका. नमुना मी मोठ्या प्रयोगशाळेत पाठवते, पण मला जवळजवळ खात्री आहे. आणि ही बहुतेक वेळा बरी होते. आठवड्यातून एकदा शिरेतून इंजेक्शन द्यायचं. पाच-सहा आठवडे, कधी जास्तही."

"कसलं इंजेक्शन?"

"विनक्रिस्टीन."

दोब्रिला उठली आणि दाराबाहेर जाऊन पायरीवर उभी राहिली. हे नाव तिला आपल्या नावाइतकं ओळखीचं होतं. सलाइनच्या मोठ्या पिशव्या थेंबथेंब संपल्या की शेवटी नर्स एक लहानशी सिरिंज घेऊन यायची आणि म्हणायची, "आता हात हलवायचा नाही हं, वितोमिर." तेच हे औषध. तिला रडू आलं नाही. खूप वेळ रांगेत उभं राहिल्यावर खिडकी तोंडावर बंद व्हावी, तसं काहीसं वाटलं. चास्लाव गाडीला टेकून सिगारेट ओढत होता. त्यानं लांबूनच मान उडवून विचारलं, काय झालं? तिनं हातानं खूण केली, काही नाही.

घरी रोसांदाला गाठ कुठून आली ते सांगितलं, तर म्हातारी आधी नीट ऐकून घेत राहिली, आणि मग तिचे खांदे हलायला लागले.

"म्हणजे बाईच्या भानगडीत पडला म्हण की! नको तिथं नाक खुपसलं, आणि नाकालाच भोवलं!" ती झुचाकडे वळली. "मेल्या, तरी बरं, सगळ्या पुरुषांना देव अशी शिक्षा देत नाही. नाहीतर या गल्लीत एकाला नाक उरलं नसतं."

दोब्रिलाला हसू आलं. कित्येक महिन्यांत आलं नव्हतं.

नमुन्याचा निकाल डॉक्टरीण म्हणाली तसाच आला आणि गुरुवारच्या फेऱ्या सुरू झाल्या. प्रत्येक वेळी आधी रक्त तपासायचं, मग इंजेक्शन. "पाय घट्ट धरा," नेवेना म्हणायची. "थेंब शिरेबाहेर गेला तर मांस जळतं." दोब्रिला धरायची आणि भिंतीकडे बघायची. घरी आल्यावर दोन दिवस हातमोजे घालून कुत्र्याचं मूत धुवायचं, कारण त्यातूनही औषध बाहेर पडतं. पहिल्या इंजेक्शननंतर झुचानं खाणं सोडलं, अंगणाच्या कोपऱ्यात पडून राहिला. दोब्रिला त्याला हातानं उकडलेली कोंबडी भरवत होती. रोसांदा दारात उभी होती.

"त्याच्या पंगतीला बस आता," म्हातारी म्हणाली. "लोक बोलतात, तुला ऐकू येत नाही. नवऱ्याला वाचवता आलं नाही, आता कुत्र्याला घेऊन दवाखाने पालथे घालतेय, म्हणतात."

"लोक म्हणतात की तुम्ही म्हणता?"

"दोघं म्हणतो."

दोब्रिलानं वाटी खाली ठेवली. आवाज चढवायचीही तिच्यात ताकद नव्हती, ती नुसतं सांगावं तसं म्हणाली, "आई, याला जे देतायत ना, तेच वितोमिरला देत होते. तेच औषध. नावही तेच. आणि याला उतार पडायला लागलाय. उंचवटा कमी झालाय, हात लावून बघा. मला काय वाटत असेल, ते तुम्ही सांगा. मला कळत नाही."

रोसांदा आत निघून गेली. त्या संध्याकाळी ती जेवली नाही.

पुढच्या गुरुवारी चास्लावची गाडी दाराशी आली, तेव्हा म्हातारी डोक्याला रुमाल बांधून, कमरेत वाकून फाटकात उभी होती.

"काकू, तुम्ही कुठं निघालात?"

"तू चालव. मी कुठं जायचं ते मला विचारू नकोस."

मागच्या सीटवर चादरीवर ती बसली. झुचानं तिच्या मांडीवर डोकं टाकलं. तिनं ते ढकललं नाही. या रस्त्यानं ती मुलाबरोबर कधी आली नव्हती, त्यानं येऊ दिलं नव्हतं.

दवाखान्यात तिनं सुनेला बाजूला सारलं. "मी धरते." तिचे हात सुजलेल्या सांध्यांचे होते, पण पकड पक्की होती. नेवेनानं औषध भरलं. म्हातारी सिरिंजकडे टक लावून बघत होती.

"एवढंसं?"

"एवढंसंच, आजी. फार जहाल असतं."

"माझ्या मुलाला हेच दिलं होतं. त्याच्यावर का नाही चाललं?"

डॉक्टरणीनं दोब्रिलाकडे बघितलं, मग म्हातारीकडे. सुई शिरेत होती, म्हणून तिनं आधी औषध अगदी सावकाश संपवलं, सुई काढली, कापूस दाबून धरला. मग म्हणाली, "मी जनावरांची डॉक्टर, आजी. तुमच्या मुलाच्या आजाराबद्दल मी काही बोलले तर ते खोटं ठरेल. ही एक विशिष्ट गाठ आहे, ती या औषधाला फार लवकर शरण येते. प्रत्येक गाठ नाही येत."

"म्हणजे त्याचं काही चुकलं नाही?"

"नाही."

"हिचं?" रोसांदानं मान न वळवता सुनेकडे बोट केलं.

"त्यांचंही नाही."

"मला माहीत होतं," म्हातारी म्हणाली. "पण कुणीतरी शिकलेल्यानं सांगावं असं वाटत होतं." आणि तिनं झुचाच्या पायावरचा कापूस स्वतःच्या अंगठ्याखाली घेतला.

दोब्रिला खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं, कचऱ्याचे डबे होते. ती त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिली.

त्यानंतरचा गुरुवार फुकट गेला. झुचाच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी फार खाली आल्या होत्या. इंजेक्शन द्यायचं नाही, पुढच्या आठवड्यात या. एवढा रस्ता जाऊन तसंच परत. परतताना पाऊस आणि गारा, चास्लावच्या गाडीचा एक वायपर बंद. "हात बाहेर काढून पुसू का रे?" रोसांदा मागून म्हणाली. बेला पालांकाला तिनंच गाडी थांबवायला लावली आणि बानित्सा आणवली. दोब्रिलानं हातात घेतली, आणि तशीच मागं दिली. मग म्हातारीनंच खाल्ली, आणि एक तुकडा कुत्र्याला दिला.

नोव्हेंबर सरला. शिंका कमी झाल्या, मग त्यांतलं रक्त गेलं. नाकाचं हाड किंचित वाकडं राहिलं, ते तसंच राहणार होतं. पहिल्या बर्फाच्या आठवड्यात नेवेनानं पुन्हा एक्स-रे काढला आणि नळी घालून नाकात बघितलं. गाठ कुठंच दिसली नाही.

"संपलं," ती म्हणाली. "वसंतात एकदा दाखवायला आणा. आणि तेव्हा त्याचं खच्चीकरणही करून टाकू, म्हणजे बाजारात जायचं सुचणार नाही."

"करा, करा," रोसांदा म्हणाली. "माझी ना नाही."

दोब्रिलानं आभार मानले. आता काहीतरी वाटेल म्हणून ती वाट बघत होती. आनंद, निदान हायसं. गाडीत बसेपर्यंत काहीच वाटलं नाही. चास्लावनं हीटर लावला, गाडी शहराबाहेर पडली, आणि घळ सुरू व्हायच्या आधीच तिचं डोकं काचेला टेकलं. तोंड उघडं पडलं. ती घोरायला लागली.

"हळू चालव," रोसांदा कुजबुजली.

"काकू, याहून हळू गेलो तर मेंढ्या पुढं जातील."

"जाऊ देत."

पिरोतला, घरासमोर, चास्लावनं गाडी थांबवली आणि दोब्रिलाच्या खांद्याकडे हात नेला. मागून म्हातारीनं त्याच्या मनगटावर चापट मारली.

"उठवू नकोस. इंजिन चालू ठेव, गारठेल ती."

"अहो, पेट्रोल जळतंय!"

"जळू दे. तुला मी लहानपणी मांडीवर खेळवलंय."

चास्लावनं सुस्कारा सोडला, टोपी डोळ्यांवर ओढली आणि बसून राहिला. थोड्या वेळानं झुचा चुळबुळ करायला लागला, तेव्हा तो उतरला आणि त्याला साखळीनं खांबापर्यंत नेऊन आणलं. काचांवर वाफ धरली. बर्फ भुरभुरत होता. रोसांदानं आपली शाल काढून पुढच्या सीटवरून वाकून सुनेच्या गुडघ्यांवर टाकली. वाकताना कंबर दुखली तशी दाताखाली शिवी हासडली.

दोब्रिला जागी झाली तेव्हा गल्लीतले दिवे लागलेले होते. तिला आधी कळलंच नाही आपण कुठं आहोत.

"पोचलो?"

"केव्हाच," रोसांदा म्हणाली. "मुलखाची घोरतेस."

"उठवलं का नाही?"

म्हातारी दाराचा खटका शोधत होती. दोब्रिला उतरली, मागचं दार उघडलं, एका हातानं सासूला धरलं आणि दुसऱ्या हातात साखळी घेतली. झुचा पुढं ओढत होता. आत शेगडी विझून घर गारठलं असणार, लाकडं आणायला हवी होती.

"तुम्ही बसा," फाटक उघडत ती म्हणाली. "लाकडं मी आणते."