माझ्या पाकिटातली बी

मी कानस बोलतेय. नखं घासायची कानस. आता यातल्या एका शब्दावर तरी विश्वास ठेवून दाखव, हिंमत असेल तर. माझी जीभ दोन्ही बाजूंनी खरखरीत आहे, आणि दोन्ही बाजू एकच बोलतील असं मी कुणाला कबूल केलेलं नाही.

जन्म कारखान्यातला. पोलादाची साधी पट्टी होते, गुळगुळीत. यंत्रानं अंगभर दाते पाडले, मग लालबुंद करून तेलात बुडवलं. तुम्ही बोळक्या तोंडाचे जन्माला येता, मी आले ती दातांसकट. शिक्षण म्हणशील तर पार्लरमधल्या फाटक्या मासिकांवर पडून पडून जेवढं झालं तेवढं.

मालकीण तिथं बायकांची नखं घासायची. बायका तिच्या हातात हात द्यायच्या आणि सासूपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांचा उद्धार करायच्या. मी खालून ताल धरायचे. मालकीण पक्की खोडकर. एका भांडखोर बाईच्या उजव्या हाताची नखं गोल केली आणि डाव्या हाताची टोकदार. वर म्हणते, "मला वाटलं डावा हात दुसऱ्या कुणाचा आहे."

नवरा किल्ल्या बनवायचा. अंगानं नुसती काडी, म्हणून सगळी गल्ली त्याला पैलवान म्हणायची. ह्या पैलवानाला नाद राक्षसी भोपळ्यांचा. दर वर्षी स्पर्धा. तिथं भोपळे दोर लावून उचलतात आणि काट्यावर ठेवतात, इतके अवजड. खायला कुणी घेत नाही. नुसतं वजन बघायचं, टाळ्या वाजवायच्या आणि घरी जायचं. माणसंच ती.

त्या भोपळ्यांच्या बियांचं साल फार जाड. कडा घासून पातळ केल्याशिवाय आत पाणी शिरत नाही. टोकाला मात्र हात लावायचा नाही, तिथून मूळ फुटतं. पैलवानानं आपल्या दुकानातली दांडगी कानस लावली आणि बी मोडली. मग हळूच मला उचललं.

"अहो, ती गिऱ्हाइकांच्या बोटांची आहे!"

"मग हेही बोटच समज ना."

"माझी कानस, माझा हात. तुम्ही लांब बसा."

तेव्हापासून दिवसा नखं आणि हंगामात बिया, अशी माझी दुहेरी नोकरी. बिया निवडायला त्याचा दोस्त मिस्तरी यायचा. तोही ह्याच नादातला, आणि स्पर्धेत ह्याचा वैरी. दोघं वर्तमानपत्रावर बिया पसरून बसायचे आणि स्थळं बघावीत तशी चौकशी चालायची.

"हिची आई कोण?"

"सहाशे किलोची."

"आणि बाप?"

"त्याच वेलावरचं नरफूल."

"पुन्हा घरातल्या घरात? पैलवान, अशानं बिया पोचट निघायला लागतील."

"रक्त पक्कं होतं."

"डोकंही पक्कं झालंय तुझं. तुझा भोपळा जड, पण फुटतो. माझा हलका, पण फुटत नाही. आई तुझी घे, बाप माझा घे."

मालकीण आतून ओरडायची, "हुंडा काय ठरला तेवढं सांगा!"

शेवटी ते लग्न लागलं. आदल्या संध्याकाळी पैलवानानं मादीफुलाचं तोंड दोऱ्यानं बांधलं, दुसरी कुठली माशी आधी पोचू नये म्हणून. सकाळी मिस्तरी आपल्या वेलावरचं नरफूल जेवणाच्या डब्यात घालून घेऊन आला. फळ धरलं तशी वेलावरची बाकी सगळी फळं खुडून टाकली. एकीला मोठं करायचं तर बाकीच्यांचा गळा कापायचा, असा तो खेळ.

आणि ती भोपळ्याची लेक वाढली, बाई! मिस्तरीसुद्धा गप्प झाला. पण स्पर्धेच्या तोंडावर देठाशी तडकली. तडा थेट पोटात गेला. पोटापर्यंत भोक असलं की काट्यावर घेत नाहीत. पैलवान तिला टेकून बसून राहिला. कापली तेव्हा आत सगळं सडलेलं, मूठभर बिया तेवढ्या धड.

त्यानंतर त्याचं एकच तुणतुणं. "हिच्या पोटची एक तरी काट्यावर चढलेली बघायचीय."

दर वर्षी एक बी लावायचा. एक गोगलगाईंनी खाल्ली, एक गारांनी झोडपली, काही रोपं नुसतीच माना टाकून गेली. मग पैलवानाच्याच छातीनं दगा दिला. डॉक्टरांनी मालकिणीला बाहेर बोलावून काय सांगायचं ते सांगितलं. तो अंथरुणाला खिळला आणि डबीत एकच बी उरली.

"ह्या वर्षी लावून टाक," तो म्हणाला. "पुढच्या वर्षीचा भरवसा नाही."

"कुणाचा, बीचा?"

"बीचाच म्हणतोय मी."

ती त्याच्या उशाशी बसून घासायला लागली. भरलेली बी माझ्याखाली दबक्या आवाजात बोलते. पोचट असली की भुर्रभुर्र करते. इतक्या वर्षांत मालकिणीचा कान तयार झाला होता. माझे दाते मात्र तोवर बरेच झिजले होते, आणि दाते झिजले की आमचंही बोलणं फिरतं. बी भुर्रभुर्रली. मालकिणीचा हात थांबला.

"कशी आहे गं?"

"भरलेली आहे. तुमच्यासारखी नाही."

तो हसला, मग खोकला, बराच वेळ.

त्याच्या डोळ्यांसमोर रिकामी कुंडी ठेवायची तिची छाती होईना. ती स्वयंपाकघरात गेली, भाजीला चिरलेल्या भोपळ्यातली एक बी घेतली आणि ती कुंडीत खोचली. खरी बी माझ्या पाकिटात सरकवली, माझ्या शेजारी. कुंडी खिडकीत, त्याला पडल्या पडल्या दिसेल अशी.

उगवलं. भाजीचंच ते, उगवायला त्याला काय होतंय? त्या दिवशी ती त्याची नखं घासत होती. मला गादीवर ठेवून चहा टाकायला आत गेली आणि तेवढ्यात मिस्तरी आला. कुंडीकडे बघून म्हणाला, "अरे पैलवान, हे तर भाजीचं—"

ज्या हातात कप धरवत नव्हता त्या हातानं पैलवानानं त्याचं मनगट पकडलं.

"गप. मला पहिल्या दोन पानांतच कळलंय. तिची गंमत मोडू नकोस." मग मोठ्यानं, आत ऐकू जाईल असं, "आईवर गेलंय ना रे?"

मिस्तरी कुंडीवर वाकला. "आईवरच. हुबेहूब."

मालकीण आत खूश. दोघा जाणत्यांना फसवलं म्हणून चहात साखर जास्त घातली तिनं.

मी मधे पडलेली. ओरडणार कशी? घासलं तरच मला आवाज.

मग तो सगळं नाटक शेवटपर्यंत खेळला. कुंडीतून खिडकीखालच्या अंगणात लावलेल्या वेलाला खत किती घालायचं, माती कुठे लावायची, फुलाचं तोंड कसं बांधायचं, पडल्या पडल्या हुकूम. "बाप मिस्तरीकडचाच आण हं, घराणं चांगलंय." ती पदर खोचून सगळं करायची. फळ नारळाएवढं झालं तेव्हा ती ते त्याला दाखवायला वेलासकट खिडकीशी उचलून धरायची.

शेवटच्या दिवशी तिनं पुन्हा त्याची नखं घासली. नखं निळी पडली होती. म्हणाला, "काट्यावर चढव हं." मी करंगळीवर होते, तेव्हाच बोट गार झालं.

तिनं चढवलं. राक्षसांच्या रांगेत दोन हातांत मावणारा भोपळा घेऊन उभी राहिली. कुणी हसलं नाही, हे जास्त वाईट. काटा जेमतेम हलला.

परतल्यावर मिस्तरी घरी आला आणि त्यानं पानांची गोष्ट सांगून टाकली.

"म्हणजे मी ह्यांना नाही... ह्यांनीच मला?" ती हसायला लागली. हसता हसता पदर तोंडात कोंबला.

मग मिस्तरीनं विचारलं, "आणि खरी बी?"

तिनं पाकीट उघडून दाखवली. त्यानं बोटानं दाबली, उजेडात धरली. "वहिनी, ह्या कानशीचे दाते गेलेत. हिच्या आवाजावर काय जाता? भिजत घालू?"

तिनं पाकीट त्याच्यापुढे उघडं धरलं.

"आणि आता उगवली तर?"

त्यानं बी जागेवर ठेवली आणि चपला घातल्या.

आता मालकीण नखं घासत नाही, स्वतःचीसुद्धा नाही. कधीमधी पाकीट उघडते, बी कानाशी नेऊन हलवते, परत ठेवते. फोडत नाही, पेरत नाही. आम्ही दोघी अंधारात अंगाला अंग लावून पडून असतो. इतकी जवळ असते ती माझ्या, की पोटात काही आहे की नाही ते मला नेमकं ठाऊक आहे.

बघ, कसा कान पुढे केलास! जे तिला सांगितलं नाही ते तुला सांगू होय? पाकीट मिट आणि नीघ इथून. नीघ म्हणते ना.