हुंदका देणारी तोफ

मी तोफ बोलतेय. थांबा, आधी तुमच्या हातात काय आहे ते दाखवा. आइस्क्रीम? मग या पुढे. काडेपेटी असेल तर तिथेच उभे राहा.

तुम्ही म्हणाल, म्हातारी संशयी आहे. आहेच! तीनशे वर्षं माणसांत काढा, मग तुम्हीही व्हाल.

माझ्या शेजारची ती पाटी वाचलीत ना? 'शत्रूने लहान मुलांना पुढे उभं केलं, तेव्हा या तोफेने उडायला नकार दिला.' लोक हे वाचून हळहळतात आणि माझ्या तोंडाला कान लावतात. आतून हुंदका ऐकू येतो म्हणे. हुंदका कसला डोंबलाचा! आत पारव्यांचं घरटं आहे.

खरं काय ते सांगते, पण चारचौघांत बोलू नका.

मला ओतलं तेव्हा साच्यात हवा अडकली आणि माझ्या डाव्या कुशीत मूठभर पोकळी राहिली. ओताऱ्याच्या ते लक्षात आलं. मला वितळवून पुन्हा ओतायचं तर आणखी महिना गेला असता, आणि तोफ तटावर चढवायची घाई चालली होती. मग त्याने मेणात लोखंडाचा कीस कालवला, पोकळी बुजवली आणि वरून काजळी फासली. "कोणाला कळतंय!" असं पुटपुटत तो हात धुवायला गेला. त्या दिवसापासून माझा माणसांवर विश्वास नाही.

पहिल्याच लढाईत गोलंदाजाने दारू भरण्याआधी माझ्या अंगावर हातोडी वाजवून पाहिली. खण, खण, खण... आणि डाव्या कुशीवर बद्द! मला वाटलं, संपलं. आता हा चहाडी करणार आणि माझी रवानगी भट्टीत होणार.

त्याने केलीच. "सरदार, ही आतून पोकळ आहे. बत्ती दिली तर आपलीच दहा माणसं मरतील."

"भित्र्या, कारणं सांगू नकोस! बत्ती दे!" सरदार ओरडला.

तेव्हा गोलंदाजाने माझ्या तोंडाला कान लावला आणि एकदम गळा काढला, "सरदार, तोफ रडतेय हो! समोर लहान मुलं आहेत!"

समोर नुसता धुरळा होता, एक शेंबडं पोरही नव्हतं! पण तटावरच्या सगळ्यांनी हात जोडले. सरदारही दोन पावलं मागे सरकला.

मला संताप आला. एवढं धडधडीत खोटं! यात ह्याचा काय डाव असेल? मी तो डाव तीनशे वर्षं शोधत होते.

यंदा नगराध्यक्षांनी जाहीर केलं की शहराच्या वर्धापनदिनी तोफ खरोखर उडवायची. बत्ती द्यायचा मान माझ्या या बागेच्या रखवालदाराला मिळाला. दुपारी माझ्या सावलीत डुलक्या काढणारा साधा माणूस तो. त्याची थोरली बहीण रंगारीण आहे, दर वर्षी मला काळा रंग तीच देते. समारंभ मोठा म्हणून या खेपेला तिने जुने सगळे थर खरवडून काढले, आणि खरवडणीला मेण लागलं.

"अगंबाई, लोखंडाला मेण कुठलं?" असं म्हणत तिने खरवडणी उलटी धरली आणि माझ्या अंगावर वाजवत निघाली. खण, खण... बद्द.

ती तशीच रंगाच्या हातांनी अध्यक्षांकडे गेली. "साहेब, ही फुटेल. माझा भाऊ जिवानिशी जाईल."

"बाई, तुम्ही रंग द्या. इतिहास आमच्यावर सोडा."

तिने भावाला विनवलं, "तू तरी नाही म्हण रे."

"ताई, आता माघार घेतली तर लोक तोंडात शेण घालतील."

समारंभाच्या सकाळी माझ्यात दारू ठासली गेली. आता हा बिचारा मरणार आणि मारणारी मी, या विचाराने मी गारठून गेले. तेवढ्यात रंगारीण गर्दीतून पुढे आली आणि तिने माझ्या तोंडाला कान लावला.

"साहेब, आतलं रडणं वाढलंय. आमची आजी सांगायची, बत्ती देणाऱ्याला हिचं काही बाधत नाही. पण जो हिला उडवायचा हुकूम देतो ना, त्याच्या घरातून वर्षाच्या आत असंच रडणं ऐकू येतं."

तिची आजी जन्मात या शहरात आली नव्हती. भावाने बोलायला तोंड उघडलं, तर तिने त्याच्या पायावर पाय दिला.

अध्यक्षांनी रुमालाने मान पुसली. "माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही हो," ते म्हणाले, "पण घरच्यांचा आहे ना!"

फटाक्यांची माळ लावून कार्यक्रम उरकला. माझ्यातली दारू पाणी ओतून काढली. सगळे पांगल्यावर ती माझ्या अंगाला टेकून ढसाढसा रडली. तेव्हा कुठे मला गोलंदाजाचा डाव कळला. त्याला फक्त दहा माणसं घरी पाठवायची होती. त्या भल्या माणसावर मी तीनशे वर्षं संशय घेतला, याची मला फार लाज वाटते.

जाताना तिने माझ्या डाव्या कुशीवर, पोकळीच्या जागी, लाल गोल रंगवला. पुढे कोणी दारू घेऊन आलं तर त्याला धोका कळावा म्हणून. पण माणसंच ती! आता म्हणतात, हे तोफेचं काळीज. रांग लावून तिथे बोट टेकवतात, मनातली इच्छा सांगतात.

साफ खोटं आहे. तरी टेकवा तुम्हीही, माझी हरकत नाही. फक्त बोट टेकवून परत फिरू नका. एकदा वाजवूनही बघा.