घरचा विस्तव

महालक्ष्म्यांच्या जेवणाच्या दिवशी घरातला विस्तव बाहेर द्यायचा नाही, हा अंजनीबाईंचा नियम. अंजनीबाई म्हणजे विनताच्या सासूबाई. त्या गेल्या माघात वारल्या, पण त्यांचे नियम काही त्यांच्यासोबत गेले नाहीत. ते अधारतालच्या त्या दोन खोल्यांच्या घरात ठाण मांडून बसले होते. डाव्या हाताने मीठ घालू नका, पुरण चाखून पाहू नका, चुलीकडे पाठ करून बसू नका. विनता यंदा पहिल्यांदाच एकटीने सोळा भाज्यांचा स्वयंपाक करत होती आणि दर थोड्या वेळाने मागे वळून पाहत होती. मागे कोणी नव्हतं. सासू नसलेल्या स्वयंपाकघरात इतकं चुकल्यासारखं वाटेल, हे तिला कुणी आधी सांगितलं असतं तर ती हसली असती.

इंग्रज जाऊन दोन वर्षं झाली होती. ओट्यावर दोघी महालक्ष्म्या नटूनथटून उभ्या होत्या. काल आल्या, आज जेवणार, उद्या जाणार. तिचे यजमान रामराव पाट मांडत होते. विनताने ज्वारीची आंबील चुलीवर ठेवली, पळी फिरवायला घेतली, आणि त्या आंबट वासाबरोबर तिला हे घर मिळालं तो दिवस आठवला.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची गोष्ट. तेव्हा त्यांचं बिऱ्हाड कमानिया गेटजवळ, एका बांगडीवाल्याच्या दुकानावर होतं. एकच खोली, खिडकी नाही, आणि चूल जिन्याच्या तोंडाशी. खालून गिऱ्हाईक बांगड्या भरता भरता खोकायचं आणि बांगडीवाला वर बघून ओरडायचा, "भाभीजी, धुआँ!" जणू विनता हौसेने धूर करत होती. पाणी खालच्या नळावरून आणायचं, तेही घरमालकाच्या बायकोचं धुणं आटोपल्यावर. त्यांची लहानगी लेक कुंदा रात्रंदिवस खोकायची. रामराव छापखान्यात खिळे जुळवायचे. त्या पगारात गावात याहून बरी जागा मिळणं शक्य नव्हतं.

मग म्युनिसिपालिटीने अधारतालकडे कमी पगाराच्या लोकांसाठी घरांच्या ओळी बांधल्या. कवेलूची म्हणजे कौलांची छपरं, मागे एवढंसं अंगण, ओळीच्या टोकाला नळ. भाडं थोडं, आणि ते बरीच वर्षं नेमाने भरलं की घर आपलं. गावातले शहाणे म्हणाले, तिकडे कोल्ह्यांशिवाय कोण राहणार? रामरावांनी मात्र अर्ज केला आणि आषाढात त्यांच्या हाती किल्ली आली. विनता एकदा जाऊन घर बघून आली. मागच्या भिंतीत खिडकी होती. त्या खिडकीपाशी ती इतका वेळ उभी राहिली की रामरावांना हाक मारावी लागली.

पण अंजनीबाईंनी मान हलवली. "चातुर्मासात नव्या घरात कोण जाते? दसऱ्याले जाऊ, त्या दिवशी मुहूर्त पाहा लागत नाही." झालं. किल्ली देव्हाऱ्यात जाऊन बसली.

भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या त्या संध्याकाळी पुंडलिक दर्शनाला आला. हा कमेटीच्या, म्हणजे म्युनिसिपालिटीच्या, हापिसात चपराशी होता, आणि नव्या ओळीत शेजारचं घर त्याला मिळालं होतं. नमस्कार करून तो रामरावांना म्हणाला, "भाऊ, उद्या दुपारी ओव्हरसियर येऊन राहिला. काही लोकांनी घरं घेतली अन् भाडेकरू बसवले, म्हणून साहेब भडकले आहेत. ज्याची चूल थंडी दिसंल, त्याचं घर पुढच्या नंबराले. तुम्ही काहून अजून गेले नाही?"

रामरावांनी आईकडे पाहिलं. आईने महालक्ष्म्यांकडे पाहिलं. एकदा बसवलेल्या महालक्ष्म्या जागेवरून हलवत नाहीत.

"मी जाते," विनता म्हणाली. "सकाळी जाऊन तिथं चूल पेटवते, दुपारी परत येते."

"जेवणाच्या दिवशी दोन चुली?" अंजनीबाई कडाडल्या. "जेवायले बसतीन देवी अन् घराच्या दोन चुली करतं? माह्या दिरानं हेच केलं होतं अचलपुराले. याच दिवशी वेगळी चूल मांडली. पुन्हा एका पंगतीत बसलो नाही आम्ही, तो मेला तरी. मी असेपर्यंत हे होणार नाही."

पुंडलिक चपला घालून निघून गेला. नव्या घराची खिडकी विनताच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती, आणि कुंदा कोपऱ्यात खोकत होती.

सकाळी विनता पुरण वाटायला बसली. वरवंटा चालत होता आणि डोळेही वाहत होते. अंजनीबाई कधी मागे येऊन उभ्या राहिल्या, तिला कळलं नाही.

"रडत वाटलेलं पुरण देवीले चालत नसते. ऊठ."

विनता उठली. अंजनीबाई चुलीपाशी बसल्या. त्यांनी घमेल्यात राख पसरली, चिमट्याने चांगले रसरशीत निखारे निवडून त्यात ठेवले आणि वरून पुन्हा राख घातली. मग आंबिलीचं भिजवलेलं पीठ एका गंजात, म्हणजे उभ्या पातेल्यात ओतलं, आणि गंज नि घमेलं दोन्ही सुनेपुढे सरकवलं.

"हा विस्तव घेऊन जाय. याच्यावरच चूल पेटव, काडी ओढू नको. आंबील तिथं शिजव अन् घेऊन ये. तुह्या आंबिलीबिगर देवी जेवणार नाहीत, मी ताट दाखवणार नाही. एका नैवेद्याच्या दोन चुली होत नसतात."

"पण आत्याबाई, आज विस्तव बाहेर..."

"बाहेर कुठं चालला?" अंजनीबाई खेकसल्या. "घरचा विस्तव घरीच तर चालला."

रात्रभर डोळ्याला डोळा न लावता म्हातारीने ही वाट शोधली होती, हे तिच्या सुजलेल्या पापण्यांवरून दिसत होतं. विनताला तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. पण हातात घमेलं होतं आणि सासूबाई आधीच "टांगा बोलाव रे" म्हणून लेकावर ओरडत होत्या.

टांगेवाल्याने घमेलं पाहिलं आणि तो खालीच उतरला. "बाईजी, गाड़ी जलाओगी क्या?" त्याची समजूत काढण्यात वेळ गेला. मग निघाला तोही अशा बेताने, की घोड्याला झोप यावी. वाटेत भुरभुर पाऊस लागला. विनताने पदर घमेल्यावर धरला. पदराला दोन भोकं पडली, ती तिला नंतर दिसली.

घर उघडून तिने राख बाजूला केली. सगळा कोळसा झाला होता. चिमट्याने शोधता शोधता तळाशी एक निखारा सापडला, बोराएवढा, तोही अर्धा काळा. तिने त्याच्यावर सोबत आणलेल्या गोवरीचा चुरा घातला आणि फुंकायला लागली. बाहेर पावलं वाजली. पुंडलिकची बायको पुष्पा धावत आली.

"विनताताई, तो आला. आमच्याच घरी आहे. हे घ्या, लवकर!" तिच्या हातात काडीपेटी होती.

एक काडी. कोणाला कळणार होतं? अंजनीबाई पार तिकडे कमानियाला. ओव्हरसियरला फक्त धूर पाहायचा होता. विनताने काडीपेटीकडे पाहिलं. इथं काडीने चूल पेटली असती तर घर हाती आलं असतं आणि ते दुसरंच घर झालं असतं. म्हातारीने अचलपूरला गमावलं ते तिने इथं पुन्हा गमावलं असतं. विनताने मान हलवली आणि पुन्हा फुंकर मारली. धूर डोळ्यांत गेला, केस राखेने माखले, छातीत भाता चालू झाला. गोवरीचा कडेचा भाग लाल झाला. मग भप्पकन जाळ झाला आणि पुष्पाने टाळ्याच वाजवल्या.

ओव्हरसियर श्यामसुंदरबाबू दारात उभे राहिले तेव्हा आंबिलीला नुकते बुडबुडे येत होते. त्यांनी खोलीभर नजर फिरवली. खाट नाही, पेटी नाही, दोरीवर एक कपडा नाही.

"ये घर है? सामान कहाँ है?"

विनताला खोटं बोलता आलं असतं. पण तिची हिंदी तेव्हा यथातथाच होती आणि खोटं बोलायला भाषा चांगली लागते. ती म्हणाली, "सामान उधर है, कमानिया में. उधर हमारी माता बैठी हैं, उनको हिलाते नहीं. हमारी सास ने इधर चूल्हे के लिए उधर से आग भेजी. ये माता का भोग है. ये जाएगा तब माता खाएँगी. तब तक सब भूखे बैठे हैं."

श्यामसुंदरबाबूंनी गंजाकडे पाहिलं. मग स्वतःच्या बुटांकडे. एक पाय उंबऱ्याच्या आत होता. तो त्यांनी हळूच बाहेर घेतला.

"तो जल्दी करो भई, माता को काहे भूखा रखती हो," ते म्हणाले, आणि मागे वही घेऊन उभ्या असलेल्या पुंडलिककडे वळून, "लिखो, चूल्हा चालू है."

आंबील कमानियाला पोचली तेव्हा दुपार कलली होती. सवाष्णी ताटकळल्या होत्या, रामराव दारात येरझाऱ्या घालत होते. अंजनीबाईंनी गंज घेतला, झाकण काढून वास घेतला आणि सुनेच्या राखेने भरलेल्या तोंडाकडे पाहून फक्त एवढंच म्हणाल्या, "काडी ओढली नाही ना?"

"नाही."

"मले माहीत होतं," त्या म्हणाल्या आणि ताट वाढायला वळल्या. त्या कधी कुणाचं कौतुक करत नसत. हे एवढं विनताने जन्मभर पुरवून पुरवून वापरलं.

आंबील बुडाशी लागायला आली तशी विनता भानावर आली. दारात कुणीतरी बोलत होतं.

"आज नहीं देते," कुंदा सांगत होती. कुंदा आता मोठी झाली होती आणि मराठीतल्या प्रश्नालाही हिंदीत उत्तर द्यायची. "हमारे यहाँ माता बैठी हैं. कल आना."

विनता पळी हातात घेऊनच बाहेर आली. मागच्या मैदानात निर्वासितांसाठी नव्या ओळी बांधल्या होत्या, तिथली सिंधी बाई होती. पावसाने भिजलेली, हातात रिकामं घमेलं. बाई मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाली की कालच घर मिळालं, काडीपेटी सर्दावली, लाकडं ओली, आणि कमेटीचा माणूस बघायला येतोय, चूल पेटलेली नसेल तर घर जाईल. बोलता बोलता तिचा आवाज फुटला. "एक घर तो उधर छूट गया, दीदी."

विनताने बाईच्या हातातलं घमेलं घेतलं आणि आत वळली.

"अगं, काय करून राहिली?" रामराव पाट टाकून आले. "आज विस्तव बाहेर देत नसते. आई असती तर..."

विनता चुलीपाशी बसली. घमेल्यात राख पसरली, रसरशीत निखारे निवडून त्यात ठेवले आणि वरून राख घातली.

"बाहेर कुठं चालला?" ती म्हणाली. "घरचा विस्तव घरीच तर चालला."

विनताने घमेलं बाईच्या हाती दिलं. "थोडा कुछ मीठा पकाओ, और इधर लेके आओ. तुम लाओगी तब माता खाएँगी. हम रुकते हैं."

बाई पदराने घमेलं झाकून पावसातून धावत गेली. विनता मागच्या खिडकीशी येऊन उभी राहिली. बऱ्याच वेळाने पलीकडच्या ओळीतल्या एका कवेलूच्या छपरातून बारीक धूर निघाला, पावसात वाकला, आणि वर गेला.

पोरीबाळी भुकेने कुरकुरायला लागल्या, तरी घरच्यांची ताटं वाढली गेली नाहीत. रामराव महालक्ष्म्यांपुढच्या पानाकडे बघत होते. मग ते वाकले आणि पानातल्या भाज्या बोटाने जरा सरकवून त्यांनी पलीकडून येणाऱ्या गोडासाठी जागा केली.