दुसरी प्रत

माझा धाकटा भाऊ हुशार आहे, याबद्दल वाद नाही. फक्त त्याची हुशारी दूरच्या शहरात राहते आणि तिचे परिणाम माझ्या घरात.

आमचे वडील, नाना, विसरायला लागले तेव्हा मला पहिली धास्ती पडली ती दाराची. आयुष्यभर ते पाणीपुरवठ्याच्या पंपघरात मीटरच्या काट्यांवर नजर ठेवायच्या ड्यूटीला होते. निवृत्त झाल्यावर दिवसाचं काय करायचं, हे त्यांना कधीच उमगलं नाही. मी दिवसभर चष्म्याच्या काचा घासायच्या कामावर, घरी ते एकटे. एकदा निघाले आणि भलत्याच बसमध्ये बसून गेले, तेव्हापासून माझा जीव टांगणीला. कुलूप लावून त्यांना कोंडायचं माझ्याच्यानं होईना. म्हणून धाकट्यानं दाराच्या चौकटीवर एक पांढरी डबी चिकटवली आणि बाहेरच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरवर एक प्रोग्राम बसवला. दार उघडलं की डबी कॉम्प्युटरला सांगणार आणि कॉम्प्युटर माझ्या फोनला. मग मी खालच्या काकूंना फोन करायचा, काकूंनी गुडघे सावरत वर जाऊन खिडकीतून डोकावायचं.

हा प्रोग्राम पडद्यावर एका काळ्या विंडोत चालायचा. तिच्यात पांढऱ्या ओळी एकाखाली एक उमटत राहायच्या. दार बंद, सर्व ठीक. दार बंद, सर्व ठीक. ती विंडो मिटली की प्रोग्रामही संपला, म्हणून मी पडद्याच्या कडेला 'हात लावू नये' अशी चिठ्ठी डकवली होती. हे बसवल्यापासून माझ्यामागं दार एकदाही उघडलं नाही. मला वाटलं, नानांचे पाय थकले असतील.

मग एके दिवशी सकाळी मी निघायच्या गडबडीत असताना काकू मदतीला आल्या आणि धूळ पुसता पुसता त्यांनी ती विंडो मिटवून टाकली. संध्याकाळी घरी येऊन बघते तर काय, दिवसभर पहाराच नव्हता. काकूंना बोलायची सोय नव्हती, त्यांच्या जिवावर तर माझी नोकरी. मग वड्याचं तेल वांग्यावर, धाकट्यालाच फोनवर झाडलं.

"ताई, मग डीमन करून टाकतो त्याचा," तो म्हणाला.

"काय करून टाकतोस?"

"डीमन. मागच्या मागं चालणारा प्रोग्राम. विंडो नाही, ओळी नाहीत. कॉम्प्युटर सुरू झाला की आपला आपण उठतो, मेला तर परत उभा राहतो. कुणाला दिसतच नाही, तर बंद कोण करणार?"

त्यानं तिकडं बसल्या बसल्या काहीतरी केलं आणि आमचा पडदा मोकळा झाला. नुसता निळा. मला काही हे पटेना. काम करणारा दिसला पाहिजे, नाहीतर तो झोपलाय की जागा, कुणी सांगावं? सकाळी मी कोपऱ्यातल्या प्रोग्रामच्या जुन्याच चित्रावर दोनदा दाबलं. विंडो उघडली, इंग्रजीत एक ओळ बोलली आणि मिटली. परत दाबलं, परत तेच. लावला फोन, स्पीकरवर.

"ताई, तो आधीच त्या जागेवर बसलाय," धाकटा म्हणाला. "तू दुसरी प्रत सुरू करतेस, तिला जागा मिळत नाही, ती परत जाते."

"म्हणजे चालू आहे?"

"चालू आहे."

"मग दिसत का नाही?"

"अगं, दिसू नये म्हणून तर केलंय."

फोन ठेवला तेव्हा माझं डोकं भणभणत होतं. नाना नेहमीसारखे पडद्यासमोरच्या खुर्चीत बसले होते. "बंद केलंत का हे?" त्यांनी विचारलं.

"बंद नाही नाना, चालूच आहे."

त्यांनी पडद्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. माझं बोलणं आम्हा दोघांनाही खरं वाटलं नाही.

त्याच दुपारी पहिला मेसेज आला. दार उघडलं. मी काकूंना फोन लावला. काकूंना पोळ्या उरकून, गॅस बंद करून, एकेक पायरी चढत वर पोचायला वीसेक मिनिटं लागली, त्याआधीच दुसरा मेसेज आला. दार उघडलं. मग काकूंचा फोन.

"अगं, आहेत की नाना. खुर्चीत बसलेत. दार लावलेलं आहे."

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही. एक मेसेज, आणि थोड्या वेळानं त्याच्यामागं दुसरा. प्रत्येक वेळी काकू वर, आणि नाना खुर्चीत. मी नानांना विचारलं, तर ते म्हणाले, "मी कशाला दार उघडू?" नाना विसरतात हे मला ठाऊक होतं. पण काकूंनी डोळ्यांनी बघितलं होतं ना.

"दोन-दोन येतात?" धाकटा म्हणाला. "मग तू दाबलंस तेव्हा दुसरी प्रत चिकटली असणार. दोघं तोच निरोप देतायत, एक जण मागं पडतोय."

"तूच म्हणाला होतास, दुसरीला जागा मिळत नाही."

"नियम तर तसाच आहे," तो म्हणाला.

"आणि दार उघडलंच नाही, तर पहिला तरी का येतो?"

"डबीचा सेल उतरला असेल."

सेल बदलला. डबी काढून परत चिकटवली. दुपारी मेसेज आले, दोन. मी इतकी गोंधळले की कामावर एका गिऱ्हाइकाची डावी काच उजवीकडं बसवली आणि मालकांची बोलणी खाल्ली. शेवटी धाकट्यानं सगळं पुसून नव्यानं बसवलं. "आता एकच प्रत आहे," तो म्हणाला. "शप्पथ."

त्या दुपारी एक मेसेज आला. मी घासायचं यंत्र थांबवून वाट पाहिली. दुसरा आला नाही. खरं सांगते, मला आनंद झाला. शेजारच्या बाईला म्हटलंसुद्धा, भावानं एक भूत तरी उतरवलं. काकूंना उगाच जिने कशाला चढायला लावा, म्हणून फोनही केला नाही. हातातली काच पुरी केली, दुसरी घेतली.

तेवढ्यात काकूंचाच फोन आला. "अगं, गच्चीवर कपडे वाळत घालायला चालले होते. खिडकीतून बघते तर खुर्ची रिकामी. हाका मारल्या. घरात नाहीत गं ते."

मी त्या एका मेसेजकडं बघत उभी राहिले. एक जाताना, एक येताना. रोज दोन यायचे, कारण नाना रोज परत यायचे.

कुठं गेले असतील, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही. आमच्या गल्लीच्या टोकालाच नानांचं जुनं पंपघर आहे आणि त्याच्यामागं पाण्याची उंच टाकी. मी पोचले तेव्हा तिथला पहारेकरी खाली उभा राहून वर हाका मारत होता.

"रोज येतात हो दुपारी," तो म्हणाला. "'माझ्या जागी कुणाला बसवलं?' असं विचारतात. मी सांगतो, कुणाला नाही, आता सगळं आपोआप चालतं. मग जातात परत. आज मी जेवायला बसलो होतो, तेवढ्यात आत शिरले."

नाना टाकीच्या लोखंडी जिन्यावर मधेच अडकले होते. दोन्ही हातांनी कठडा धरलेला, वर जायचं नाही, खाली उतरायचं नाही. मी चढून त्यांच्यापाशी गेले.

"ओळी बंद पडल्या," ते म्हणाले. "मला कुणी सांगितलं नाही. माझ्या जागी कुणाला बसवलंत?"

कुणाला नाही, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण बसवलंच होतं की. धाकट्याला झाडून मीच तो डीमन बसवून घेतला होता. मला रडू कोसळलं. नानाच माझ्या पाठीवरून हात फिरवायला लागले आणि त्यासाठी त्यांनी कठडा सोडला, तेव्हा मी घाईनं डोळे पुसले. एकेक पायरी करत आम्ही उतरलो, मी वर, पहारेकरी खाली, मधे नाना.

धाकट्याला झाडायचं मनात घोळवत घरी आले, पण फोनवर तेवढा जोर उरला नाही. "त्यांच्या ओळी परत दे," एवढंच म्हणाले.

"ताई, पण परत कुणी ती विंडो मिटवली तर?"

"मिटवू दे. तुझं मागचं मागं चालू ठेव. पुढं नुसत्या ओळी दिसू देत."

"एवढंच ना? ते सोपं आहे," तो म्हणाला. मग मी त्याला सगळं सांगितलं आणि त्यानं तिकडूनच कामाला हात घातला.

पडद्यावर काळी विंडो उघडली. नानांनी खुर्ची पुढं ओढली, चष्मा लावला. "तो दुसरा गेला?"

"गेला, नाना," मी साफ खोटं सांगितलं.

सकाळी कामाला निघताना मी दार उघडलं. नानांनी मान वळवली नाही. "दार उघडलंय गं," ते म्हणाले.

"मीच उघडलं, नाना. कामाला निघाले."

"जा बिनघोर. मी आहे."

मी दार ओढून घेतलं आणि जिन्यात थांबले. आतून त्यांचा आवाज आला. "दार बंद. सर्व ठीक."