भटका डबा

डबा ऐसपैस आपण सगळेच खेळलोय. त्यात माणसं लपतात आणि डबा मधोमध उघड्यावर असतो. सुमेधाने ते उलटं केलं. डबा लपणार आणि माणसं सायकलींवर बसून त्याला धुंडाळणार. ज्याला सापडेल त्याने तो उचलायचा, दुसरीकडे नेऊन लपवायचा, ग्रुपवर कोडं टाकायचं, की पुढच्या शनिवारी बाकीचे निघाले शोधायला. डबा एका जागी टिकायचाच नाही म्हणून त्याचं नाव पडलं भटका डबा.

दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समधली मराठी पुरुषमंडळी शनिवारी पहाटे सायकली काढायची आणि बायका उरलेल्या झोपेचा हिशेब करत पडून राहायच्या. सुमेधाला तीही झोप नव्हती. जबल अलीतल्या लॅबमधली नोकरी अस्मी झाल्यावर सुटली ती सुटलीच. मायक्रोबायॉलॉजीतली एमएस्सी आता दुधाची तारीख बघण्यापुरती उरली होती. कुणी विचारलं, "तुम्ही काय करता?" की ती म्हणायची, "सध्या घरीच." हे 'सध्या' आता सहा वर्षांचं होऊन पहिलीत जायला लागलं होतं.

म्हणून तिने हा खेळ काढला. आणि नियम केले. मुलांनी मोठा रस्ता ओलांडायचा नाही. डबा विजेच्या पेटीजवळ, गेटजवळ, पार्किंगमध्ये ठेवायचा नाही. डबा पारदर्शक हवा, वर नाव आणि नंबर हवा, नाहीतर एखादा वॉचमन बेवारस वस्तू म्हणून पोलिसांना बोलवायचा. पंधराच्या आतलं मूल एकटं जाणार नाही. हेल्मेट, पाणी, फोन पूर्ण चार्ज.

"वहिनी," चंद्रहास पहिल्याच दिवशी म्हणाला होता, "सायकल चालवायचीय की व्हिसा रिन्यू करायचाय?"

सगळे हसले. सुमेधाही हसली, पण नियम एकही कमी केला नाही.

चंद्रहासचा हमरिया फ्री झोनमध्ये पॅकिंगच्या मालाचा धंदा. सायकलवाल्यांचा तो आपोआप झालेला कॅप्टन. बायको सविता, आणि तेरा वर्षांची मिहिका. खेळ खरा खेळली ती मिहिका. बाकीची मुलं दोन शनिवारांत कंटाळली. मिहिका मात्र सुमेधाच्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून कोडी रचायची, चुकीचं मराठी बोलायची आणि चूक दुरुस्त केली की तेच वाक्य पुन्हा म्हणून दाखवायची. "आँटी, यू आर द ओन्ली ग्रोनअप हू प्लेज प्रॉपर्ली," असं ती एकदा म्हणाली. ते वाक्य सुमेधाने नवऱ्याला, उपेंद्रलाही सांगितलं नाही. स्वतःजवळ ठेवलं.

हिवाळाभर खेळ रंगला. मग पाडव्याच्या नाश्त्याला, श्रीखंडाच्या वाट्या हातात असताना, चंद्रहासने जाहीर केलं, "आता व्हर्जन टू! डबा वस्तीच्या बाहेर काढायचा. वाळवंटातल्या ट्रॅकवर. इथे बागेत काय शोधायचं, मांजरं? जर्सी मी करतो, पाठीवर कंपनीचा लोगो. नव्वद दिरहमची जर्सी, म्हणजे आपले दोन हजारांच्या वर, पण माझ्याकडून फुकट."

"आणि मुलं?" सुमेधाने विचारलं.

"मुलांना इथेच एक छोटा डबा देऊ की. त्यात चॉकलेटं ठेवा."

"आय डोन्ट वॉन्ट चॉकलेट्स," मिहिका म्हणाली. तिच्याकडे कुणी पाहिलं नाही.

"पण भावजी, उन्हाळा येतोय. तिकडे सावली नाही, नेटवर्क धड नाही..."

"वहिनी, तुम्ही ना, मांजर आडवं गेलं तरी अँब्युलन्स बोलवाल." पुन्हा हशा. "खलास! ग्रुपवर मतदान घेऊ."

मतदान झालं. सुमेधाच्या बाजूने एक मत पडलं, तिचं स्वतःचं. उपेंद्रचा अंगठा दुसऱ्या बाजूला दिसत होता. रात्री तो म्हणाला, "अगं सुमे, त्यात काय एवढं? खेळच आहे. आणि तुला तरी दगदग कमी." दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत ग्रुपचं नावही बदललं होतं आणि ॲडमिन फक्त चंद्रहास राहिला होता.

हे तिला लागलं. किती लागलं ते तिचं तिलाही कळलं नाही. ती पोळ्या करता करता थांबायची आणि मनातल्या मनात चंद्रहासला उत्तरं द्यायची. एकाहून एक सरस उत्तरं, ऐकायला कुणी नाही.

मे महिन्यात चंद्रहासने डबा लपवून कोडं टाकलं. पुरुषांना दोन शनिवार सापडला नाही. सुमेधाने मात्र कोडं वाचलंच नाही, तिने चंद्रहासला वाचलं. त्याचा गुडघा दुखरा. तो वाकणार नाही. म्हणजे डबा सायकलवर बसल्या बसल्या हात पोचेल एवढ्या उंचीवर. एका सकाळी अस्मीला शाळेत सोडून ती गाडी घेऊन थेट ट्रॅकवर गेली. दुसऱ्या थांब्यावर, सावलीसाठी केलेल्या छपराच्या खांबामागे, खांद्याच्या उंचीवर डबा तारेने बांधलेला होता. तिने तो सोडवला आणि एकटीच मोठ्याने हसली.

आता तो दुसरीकडे लपवायचा होता. पुढच्या थांब्याकडे ती चालायला लागली. दोन्ही बाजूंना वाळू, मागे तिची गाडी लहान लहान होत चाललेली. तेवढ्यात बाजूच्या रस्त्यावरून एक पिकअप आली आणि तिच्याजवळ हळू झाली. ड्रायव्हरने नुसतं पाहिलं, कदाचित मदत हवी का म्हणून पाहिलं असेल. सुमेधा वळली, जवळजवळ पळतच गाडीत बसली आणि दारं लॉक केली. डबा तिच्या मांडीवर होता. तो तसाच घरी आला.

उद्या जाऊन ठेवू, असं तिने ठरवलं आणि कोडं मात्र त्याच दुपारी टाकलं. राहवलंच नाही. 'सापडला. नव्या जागी ठेवलाय. पाण्याच्या पलीकडे, सावलीच्या अलीकडे, वाकल्याशिवाय दिसायचा नाही.'

ग्रुपवर टाळ्यांचा पाऊस पडला. चंद्रहासनेही लिहिलं, 'वहिनी, मानलं!'

दुसऱ्या दिवशी अस्मीला ताप भरला. शनिवारी पुरुष गेले, घामाघूम होऊन रिकाम्या हाताने परतले. उपेंद्रने आल्या आल्या ताकाचा तांब्या तोंडाला लावला. "काय जागा काढलीयस बाई! चंद्रहास चार पायांवर रांगत होता. आम्ही फोटो काढले."

"वाकावं लागतं," सुमेधा म्हणाली. डबा तिच्या पाठीमागे, पिठाच्या डब्याच्या आड होता. त्या घरात पिठाच्या डब्याकडे हात नेणारं दुसरं माणूस नव्हतं.

तो डबा नेऊन ठेवायला तिला पुढचा अख्खा आठवडा मोकळा होता. अस्मी बरी झाली होती, गाडी दारात होती. ती गेली नाही. त्याच्या पुढच्या शनिवारीही ते गेले, रांगले, भाजून आले. सुमेधाने ताक केलं, वर जिरेपूड भुरभुरली आणि कितीतरी दिवसांनी तिला शांत झोप लागली.

ईदच्या सुट्ट्या लागल्या. पहिल्याच सकाळी उपेंद्र आणि अस्मी झोपलेले असताना मिहिकाचा मेसेज आला. 'आँटी, आय क्रॅक्ड इट! आय ॲम ऑन माय वे. डोन्ट टेल बाबा, ही सेज इट्स नॉट फॉर किड्स. आय विल शो हिम.'

सुमेधाने चहाचा गॅस बंद केला आणि फोन लावला.

"मिहिका, कुठे आहेस तू?"

"ऑन द ट्रॅक ऑलरेडी!" धाप लागलेला, आनंदी आवाज. मागे वारा. "आँटी, थर्ड शेल्टर ना? बिकॉज ऑफ द वॉटर थिंग?"

"बाळा, मागे फिर. आत्ताच्या आत्ता. ऊन वाढतंय. तिथे डबा नाहीये."

मिहिका हसली. "ऑफ कोर्स यू विल से दॅट! यू हिड इट!"

"मिहिका, मी खरं सांगतेय, तिथे नाहीये."

"देन व्हेअर इज इट?"

एवढंच. या प्रश्नाला दोन शब्दांचं उत्तर होतं. माझ्या स्वयंपाकघरात. सुमेधाची नजर पिठाच्या डब्यावर होती. हे दोन शब्द मिहिकाला सांगायचे म्हणजे संध्याकाळी ते सविताला कळणार, मग चंद्रहासला. दोन शनिवार चार पायांवर रांगलेला चंद्रहास. मग ग्रुप, मग उपेंद्रचं तोंड. नियमवाल्या वहिनींनी काय केलं, ऐकलंत का? आणि मिहिका. जिच्या मते ही एकच मोठी बाई होती जी खेळ नीट खेळते.

"ते... ते तुला आल्यावर सांगते," ती म्हणाली. "आधी परत ये."

"आँटी, बाबा इज राइट, यू आर स्केअर्ड ऑफ एव्हरीथिंग," मिहिका लाडात म्हणाली, दुखवायचं म्हणून नव्हे. "टेन मिनिट्स. यल्ला, बाय!"

त्यानंतर फोन लागला नाही. सुमेधाने पुन्हा लावला, पुन्हा लावला. मग मेसेज लिहायला घेतला, 'डबा माझ्याकडे', आणि पुसला. मग लिहिलं, 'प्लीज परत ये.' त्याच्यापुढे एकच टिक उमटली.

शेवटी तिने सविताला फोन केला. "ताई, मिहिका ट्रॅकवर गेलीय, एकटी. फोन लागत नाहीये."

"काय? अगं, ती तर झोपलीय तिच्या खोलीत..." दार उघडल्याचा आवाज आला, आणि मग सविताचा आवाजच बदलला. "सुमेधा! अगं, सायकल नाहीये!"

चंद्रहास सकाळीच हमरियाला गेला होता, एक कंटेनर सुट्टीतच सोडवायचा होता. उपेंद्रला हलवून उठवलं. तो आणि सविता गाडीने निघाले. सुमेधा अस्मीजवळ थांबली. कुणीतरी थांबायलाच हवं होतं. खिडकीबाहेर ऊन पांढरं होत गेलं. अस्मी उठली, "मम्मा, व्हाय आर यू क्राइंग?" म्हणाली, आणि तिच्या ताटलीतलं ऑम्लेट तसंच गार झालं.

मिहिका तिसऱ्या थांब्याजवळ सापडली. छपराच्या सावलीत नव्हे, सावलीच्या बाहेर, झुडपांपाशी, वाळूत. बाटली रिकामी. दोन्ही गुडघे आणि तळवे भाजलेले. ती वाकून, रांगून शोधत राहिली होती. कोड्यात तसंच लिहिलं होतं.

दुपारी सुमेधा हॉस्पिटलमध्ये गेली तेव्हा धोका टळला होता. मिहिकाच्या हाताला सलाइन, तळव्यांवर मलमाचे पांढरे पट्टे, ओठ फुटलेले. चंद्रहास कॉरिडॉरमध्ये उभा होता. सुमेधाला पाहताच त्याने हात जोडले, या माणसाने कुणापुढे हात जोडलेले तिने पाहिले नव्हते.

"वहिनी, तुमचा फोन आला नसता तर... डॉक्टर म्हणाले, आणखी थोडा उशीर..." त्याला पुढे बोलता येईना. "तुम्ही पहिल्यापासून सांगत होता. मी हसलो. अख्ख्या ग्रुपला हसवलं. आता डबा वस्तीतच, तुमचे सगळे नियम, एकूण एक. तुम्हीच चालवायचं. मी आत्ताच तुम्हाला ॲडमिन केलंय."

खिशात फोन थरथरला होता खरा. सुमेधाने तो बाहेर काढला नाही. "असू दे हो, भावजी," ती म्हणाली.

आत सविताने तिला मिठी मारली, खांद्यावर डोकं ठेवून रडली. "सुमेधा, आई कशी असावी तर तुझ्यासारखी. मी घोरत पडले होते गं, आणि तुला माझ्या पोरीची काळजी."

मिहिका डोळे उघडून दोघींकडे पाहत होती.

"आँटी," तिचा आवाज कोरडा, खरखरीत आला, "इट वॉजन्ट देअर."

"झोप गं बाळा," सविता म्हणाली.

"आय लुक्ड एव्हरीव्हेअर. बिहाइंड एव्हरी पोल. आय डग. इट वॉजन्ट देअर. आँटी टोल्ड मी इट वॉजन्ट देअर." कपाळाला आठी घालून ती सुमेधाकडे पाहत राहिली. त्या नजरेत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. कोडं सोडवताना ओट्याला टेकून ती जशी पाहायची, तशीच पाहत होती. "सो व्हेअर वॉज इट?"

दारात चंद्रहास येऊन उभा राहिला होता. "हो वहिनी, आता तरी सांगा. आम्हीही दोन शनिवार घासलेत गुडघे." तो ओशाळं हसला.

सुमेधाने मिहिकाच्या पायावरची चादर सारखी केली.

"तिथेच होता," ती म्हणाली. "तिसऱ्या थांब्यालाच. तू परत फिरावंस म्हणून मी नाही म्हटलं, बाळा."

"बट आय लुक्ड."

"अगं, तुला चक्कर येत होती," सविता लेकीच्या केसांवरून हात फिरवत म्हणाली. "उन्हात डोळ्यांपुढे अंधारी येते. समोरची वस्तू दिसत नाही माणसाला. हो की नाही गं, सुमेधा?"

"होतं तसं," सुमेधा म्हणाली. "उन्हाने होतं."

मिहिकाने आपले मलम लावलेले तळवे डोळ्यांसमोर धरले आणि उलटसुलट करून पाहिले. जणू तिचे नव्हतेच ते. मग ते हळूच चादरीवर ठेवले.

"ओके, आँटी," ती म्हणाली.

"बघ," सविता डोळे पुसत हसली, "आमचं कुणाचं ऐकत नाही ही. तुझंच ऐकते."